खाली बघेपर्यंत

वरच्या मजल्यावरचे चित्रकार शाईच्या खोलीत, जिथे त्यांची पेन्सिलचित्रं पारदर्शक तावांवर शाईने गिरवली जात, सहसा येत नसत. त्यामुळे ऑटो लिंडग्रेन दारात दिसला तेव्हा बरबँकच्या त्या कार्टून स्टुडिओतल्या बायकांनी माना वर केल्या.

“मेबल, केस सारखे कर. पाहुणे आलेत,” मागून कुणीतरी म्हणालं.

ऑटो हसला. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता, डाव्या हातात एक चित्र होतं.

“कोल्ह्याचं शेवटचं चित्र बदलायचंय,” तो मेबलला म्हणाला. “फार लवकर खाली बघतोय तो. हवेत अजून जरा थांबू दे.”

कोल्हा ऑटोचाच. दर कार्टूनमध्ये तो बदकामागे धावत कड्याच्या पुढे जायचा, हवेत उभा राहायचा आणि खाली बघितल्यावरच पडायचा. इतरांची चित्रं आधी मदतनीस साफ करून देत. ऑटोची रेष इतकी स्वच्छ, की त्याची चित्रं थेट शाईला येत. त्याची नोकरी त्या रेषेवरच टिकून होती. हात थरथरायला लागल्याचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मेबलने घाईने मेजावर हात आडवा धरला, पण त्याने पाहिलं होतं. सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावाखाली त्याचंच चित्र होतं. कोल्ह्याच्या पाठीची पेन्सिलरेष थरथरत, तुटत गेली होती. तिच्यावरची शाईची रेष मात्र कानापासून शेपटीपर्यंत एका दमात उतरली होती.

पेन्सिलीवरून केसभरही सरकायचं नाही, हा शाईच्या खोलीचा नियम. सरकणारीला घरी पाठवत.

“कधीपासून?” ऑटोने विचारलं.

“नाताळ झाल्यापासून.”

“तू एकटीच?”

मेबलने टाक दौतीत बुडवला. ऑटोने शेजारच्या मेजावर पाहिलं. मग त्याच्या पलीकडच्या. सगळीकडे कोल्ह्याची पाठ तशीच सुरेख होती.

“वर कळलं तर तुम्हा सगळ्यांची नोकरी जाईल.”

“तुम्ही सांगितलंत तर जाईल,” मागची म्हणाली. “सांगायचंच तर जेवणानंतर सांगा. मी तळलेलं चिकन आणलंय.”

“पण का?”

“कोल्हा दुसऱ्या कुणी काढलेला बघवणार नाही,” मेबल म्हणाली.

“तुमचे आभार मी कसे...”

“आत्ता नको. हात हलतो आमचा.”

पुन्हा टाक कुरकुरू लागले. ऑटो तिथेच उभा राहिला.

“मेबल, मी आत्ता खाली बघितलं.”

“मग? पडलात का?”

ऑटोने उजवा हात खिशातून बाहेर काढला. नवं चित्र त्या हातात घेऊन त्याने तिच्यापुढे धरलं. कागद फडफडत होता. मेबलने पातळ सुती हातमोज्यातल्या बोटांनी त्याचा दुसरा कोपरा धरला, आणि फडफड थांबली.