खारवलेला आलुबुखार

ब्रेकच्या वार्षिक तपासणीचा खर्च झेपेना, म्हणून डोंगरातली ती चिमुकली रेल्वे बंद पडणार होती. सुरक्षा अधिकारी कुरामोची यांनी तपासणी तीन वर्षांतून एकदाच करण्याची मुभा दिली आणि गाडी वाचली. सत्कारानंतर गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी पहिल्या डब्यात मानाची जागा राखली.

"मला गाडी लागते हो," ते पुटपुटले.

"एवढंच ना!" नातीला कडेवर घेतलेल्या तोमेआजींनी त्यांच्या हातावर खारवलेला आलुबुखार ठेवला. "हा तोंडात धरा साहेब. तरी ओकलात, तर आम्ही कुण्णाला सांगणार नाही!"

सगळे हसले. तरीही ते चढले नाहीत. आजी-नातीला घेऊन गाडी उतारावरून दिसेनाशी झाली.

कुरामोची बसने परतले. घाटाच्या एवढ्या वळणांत त्यांना एकदाही मळमळले नाही. तोंडातला आलुबुखार मात्र काही केल्या गिळवेना.