निळ्या लोकरीचं काय?

कुमुद गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, तेव्हा दामोदररावांची नजर तिच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. तिथे निळ्या लोकरीचं अर्धवट विणकाम पडलं होतं, क्रोशाची सुई अजून टाक्यात अडकलेली.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. पण ते नेमकं काय असावं, हा प्रश्न त्यांना सोडेना. त्यांनी विचारलं होतं, तेव्हा ती नुसती हसली होती. "कळेल थंडीत."

"किटलीची टोपी असेल, बाबा," सून म्हणाली.

"किटलीला बोटं कशाला गं?" मेहुणी हसली. "हातमोजा आहे हा. पण आमची ताई बघा, भाऊजी, अंगठ्याला भोक ठेवलं आणि बोटं तीनच विणली! उसवते मी, लोकर तरी कामी येईल."

"थांब जरा."

त्यांनी उजवा हात हळूच आत सारला. त्यांची करंगळी कारखान्यातल्या यंत्राने कधीच नेली होती. दुकानातल्या मोज्याचं ते बोट नेहमी रिकामं लोंबायचं. ह्यात तिन्ही बोटं नेमकी बसली.



अंगठा विणायचा राहिला आहे. डाव्या हाताचा मोजा तर सुरूही झालेला नाही.