छान आवाज

मेडिकलच्या मुलांना शिकवायला वॉर्डात आले, की सर आधी खिडकीजवळच्या काकांकडे वळायचे. काकांच्या हृदयाची झडप खराब होती आणि तिची घरघर पुस्तकात लिहिली आहे अगदी तशी ऐकू यायची. "इतका छान आवाज नशिबानं मिळतो," असं सर मुलांना सांगायचे. मग एकेकजण काकांच्या छातीला गार स्टेथोस्कोप लावायचा. धाप लागलेली असली तरी काका कुशीवर वळायचे, श्वास रोखायचे आणि वर विचारायचे, "आला का ऐकू? नाहीतर परत लाव, बाळा."

पुढे सरांनीच त्यांना ऑपरेशनसाठी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. ते होऊन काका काकूंबरोबर दाखवायला आले, तेव्हा त्यांना बघताच सरांनी सवयीनं मुलांना हाक मारली, "या रे, पटकन या!"

मुलं धावत आली. सरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. घरघर पार गेली होती.

"अरेरे!" सर बोलून गेले.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "काय झालं हो डॉक्टर?"

"काही नाही, काही नाही... आवाज गेला. म्हणजे, बरे झाले ते." सरांची मान वर होईना. कानातल्या नळ्या काढायचंही त्यांना सुचेना.

काकांनी शर्टाची बटणं लावली आणि ओशाळून म्हणाले,

 

"माफ करा हं सर, माझ्यामुळे पोरांना उगाच हेलपाटा पडला."