बायकोचा ब्रेक

दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार मी बोनेटपासून डिकीपर्यंत तपासली. इंजिन ठणठणीत होतं, तळाला गंज नव्हता. फक्त ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढच्या मॅटला झिजून चवड्याएवढं भोक पडलं होतं. भाव पाडायला निमित्त मिळालं. "हे काय झालंय?" म्हातारे मालक हसले. "बायकोचा ब्रेक. मी गाडी दामटायचो आणि ती तिथे पाय दाबून मला शिव्या घालायची." "मग विकता कशाला?" "ती गेली. शेजारी ओरडायला कोणी नसलं की पळवण्यातही मजा नाही." चक्कर मारायला मी स्टिअरिंगवर बसलो आणि ते पहिल्यांदाच बायकोच्या सीटवर. रस्ता मोकळा होता, मीही दामटली. समोर वळण आलं. बोलता बोलता त्यांचा पाय नेमका त्या भोकावर दाबला गेला. मी वेग कमी केला, तरी त्यांनी पाय उचलला नाही.