ढोल मागे येईल तेव्हा

"पुन्हा तू माझंच ऐकलंस," एवारिस्तो म्हणाला आणि त्याने ढोलावरचे हात उचलले.

सुलेका घागऱ्याचा घेर हातात धरून तशीच उभी राहिली. "पण ठोका तर चुकला नाही ना, उस्ताद?"

"चुकला नाही, तेच तर दुखणं आहे. बॉम्बाचा नाच म्हणजे वरात नव्हे, ढोल वाजला की नाचलं. इथे नाचणारीने मागायचं आणि ढोलाने द्यायचं. पाय आधी तुझा, हात नंतर माझा. आणि हा पाय तरी तुझा कुठेय? मिग्दालियाचा आहे. पहिल्या पावलातच ओळखतो मी."

मिग्दालिया म्हणजे सुलेकाची आई. एके काळी ती नाचायची तेव्हा लोइसा गावातला सगळा रस्ता गोळा व्हायचा. आता गुडघे गेले होते, पण लेकीच्या पायांत तिची प्रत्येक चाल उतरली होती. लोक कौतुकाने म्हणायचे, हुबेहूब आई. ते ऐकलं की सुलेका विषय बदलायची.

एवारिस्तो मान तिरकी करून, शेजारचा रेडिओ ऐकावा तसा बसला होता. शिकवताना तो तिच्या पायांकडे कधी बघत नसे. मोतीबिंदू काढल्यापासून काळा चष्मा लावायचा. डॉक्टरने ऊन टाळायला सांगितलंय म्हणायचा. सुलेकाला वाटे, म्हाताऱ्याला आपला कंटाळा येतो. नाचणारी ढोलापुढे वाकली की ढोलाने एक थाप द्यायची, ही रीत. तीही तो लगेच द्यायचा नाही. गुडघ्याला गुडघा लावून खुळखुळे घेऊन बसलेली त्याची बायको, तीती प्रोवी, हलली की मग कुठे थाप पडायची.

"एवढं काय ते एका थापेचं," सुलेका एकदा पुटपुटली होती. "पदरचे पैसे जातात जणू."

"रविवारी शेवटचं वाजवणार मी," एवारिस्तो आता म्हणाला. "हात थकले. पुढे ढोल वितिनकडे."

वितिन त्याचा भाचा. नुसता ठेका धरणारा मागचा ढोल वाजवायचा.

"वितिन?" सुलेका चिडली. "रस्त्यावरून कुत्रं गेलं तरी तो त्याच्या मागे वाजवतो! तो माझ्या मागे आला तर त्याला काय अर्थ?"

"मग रविवारी मला आण मागे."

"आणि आणलं तर?"

"तर उठेन आणि तुला वाकून नमस्कार करीन. सगळ्या रस्त्यादेखत."

"कंबर धरेल मेल्याची," तीती प्रोवी हसून म्हणाली. "पण करील. शब्दाचा पक्का आहे."

आठवडाभर सुलेका औषधांच्या दुकानात उभी होती, पण गिऱ्हाईक काय मागतंय ते तिला दोनदा विचारावं लागत होतं. काउंटरखाली तिची उजवी टाच फरशीवर अर्धगोल काढत राही. लहानपणापासूनची खोड. भीती वाटली की टाच घासायची. आई मांडीवर चापट मारायची, "जमीन काय खरवडतेस? कोंबडी आहेस का?" एवारिस्तोपुढे ती टाच जमिनीत रुतवून उभी राहायची. त्याने तो आवाज कधी ऐकला नव्हता.

रविवारी रस्ता दोन्ही बाजूंनी बंद केला होता. कोपऱ्यावर खेकड्याचे वडे तळले जात होते. माणसांचं कडं दाट झालं होतं आणि अगदी पुढे, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मिग्दालिया बसली होती. एकामागून एक नाचणाऱ्या ढोलापुढे येऊन गेल्या. इथे कुणाचं नाव पुकारत नाहीत. जिला धीर होतो ती कड्यात शिरते.

सुलेकाला धीर होत नव्हता. ती तरीही शिरली.

ती वाकली. तीती प्रोवीचा गुडघा हलला. थाप पडली.

सुलेकाने पहिल्या चालीसाठी पाय उचलला आणि तिची नजर आईच्या हातावर गेली. खुर्चीच्या दांड्यावर आईची बोटं ती चाल आधीच वाजवत होती. सुलेकाचा पाय हवेतच थांबला. पुढचं काहीच आठवेना. मागचे ढोल चालू होते; एवारिस्तोचा ढोल गप्प. कुणीतरी खोकलं. पाय खाली आला आणि टाच आपोआप डांबरावर घासली. खर्रर्र.

लाजेने तिचे कान तापले.

आणि ढोलावरून एक बोट घासत गेलं. खर्रर्र.

ती दचकून थांबली. ढोल थांबला. तिने टाच पुन्हा ओढली, अर्ध्यावर सोडली. ढोलानेही अर्ध्यावर सोडलं. तिने खांदा उडवून घागऱ्याचा घेर फटकारला, ढोल फटकारला. मग तिने त्याला फसवून पाहिलं. टाच ओढल्यासारखी केली आणि पाय आपटला. ढोल धडपडला, सावरला, तिच्या मागे पळाला. कड्यातून ओरडा उठला. खुर्चीच्या दांड्यावरची बोटं कधीच थांबली होती.

ती शेवटचं वाकली तेव्हा मिग्दालिया दुखऱ्या गुडघ्यांवर उभी होती. लोकांच्या आरोळ्यांत कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. तीती प्रोवी डोळे पुसत नवऱ्यासाठी नारळपाणी आणायला गेली.

सुलेका ढोलासमोर उभी राहिली. हळूहळू लोक शांत झाले. पैज सगळ्यांना माहीत होती.

एवारिस्तो उठला नाही. रुमालाने मानेचा घाम पुसत राहिला. तिने वाट पाहिली. तो मान वर करीना. म्हणजे आजही नाहीच? तिची टाच हलू लागली; तिने ती घट्ट दाबून धरली.

"उस्ताद," तिने अगदी हळू हाक मारली.

"कोण, सुलेका? आलीस का एकदाची!" तो तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत हसला आणि त्याने हात पुढे केला. "वाईट वाटून घेऊ नकोस पोरी, तुझ्यासाठी राखलेला नमस्कार आत्ता नाचून गेली तिने नेला. माझा हात धर आणि तिच्यापाशी ने मला."