कारण : विहिरीतील गाळ

हिरवं पाणी तिसऱ्या वळणाला थांबलं.

ठिबक कंपनीच्या तपासणी विभागातल्या सुनंदाबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, जांभळा दिवा जरा खाली ओढला आणि पुन्हा पाहिलं. ठिबकच्या तोटीच्या पोटात सुईच्या नेढ्याएवढी नागमोडी वाट असते. तोटी उभी कापून वर काच चिकटवायची आणि पाण्यात चमकणारा हिरवा रंग सोडायचा. मग पाणी कुठून, किती वेगानं जातं ते दिव्याखाली दिसतं. हातातलं स्टॉपवॉच त्यांनी बंद केलं. पाणी जातच नव्हतं.

"गाळ," रतिलाल साहेब म्हणाले. ते कंपनीचे तक्रार अधिकारी. तक्रारीच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात 'विहिरीतील गाळ' हे छापूनच येत असे. जळगावच्या कचेरीत त्यामुळे बराच वेळ वाचत होता.

"गाळ नाही, साहेब. प्लास्टिक आहे. साच्यातच वाट बुजलीय."

"बाई, तुम्ही रंग सोडा. कारण आमच्याकडे आहे."

रावेरकडचे जीवराम आबा दाराशी उभे होते. वैशाख लागला होता आणि त्यांच्या दोन हजार केळी उभ्या जागी माना टाकत होत्या. तोट्या आठ दिवसांत बदलून मिळाल्या तर वाचणार होत्या.

"आबा, पाणी गाळून सोडत जा," साहेब म्हणाले.

आबांनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर आपटलं. कंपनीचं सील शाबूत.

"हे काल घेतलं, तुमच्याच दुकानातून. यानं माह्या इहिरीचं तोंडबी नाही पाह्यलं. याच्यात चिखल कोन भरून गेला? माहा आजा?"

"सीलबंद माल तपासायला हेड ऑफिसची परवानगी लागते."

सुनंदाबाईंनी पाकीट टरकन फाडलं. सात तोट्या कापल्या. साती तोट्यांत पाणी तिसऱ्या वळणाला थांबलं.

"आबा, या. बघा."

आबांनी टोपी काढली, एक डोळा मिटला. दुसरा काचेला लावला.

"दोन महिने," ते म्हणाले. "दोन महिने इहिरीत उतरलो मी. या साहेबाच्या सांगन्यावरून. बठ्ठी इहिर धुतली. तळाचा दगड न् दगड पुसला." मग साहेबांकडे वळले. "लाज वाटत असीन तं आता लिहा खरं."

साहेबांनी कापलेल्या ओल्या तोट्या अंगठ्यानं बाजूला सारल्या, फॉर्म पुढे ओढला आणि छापील कारण स्वतःच्या हातानं खोडलं. एवढं त्यांनी आजवर कुणासाठी केलं नव्हतं. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, सही केली आणि कागद सुनंदाबाईंपुढे सरकवला.

"काय लिह्यलं, ताई?"

सुनंदाबाईंनी मोठ्यानं वाचलं. "ग्राहकाच्या तोट्यांमध्ये हिरवे रासायनिक द्रव्य आढळले. बिघाड त्यामुळेच झाला आहे. तोट्या बदलून मिळणार नाहीत."

"तपासणाऱ्याची सही इथे," साहेबांनी बोट ठेवून दाखवलं.

सुनंदाबाईंनी पेन घेतलं नाही. कागद तेवढा जांभळ्या दिव्याखाली धरला.

साहेबांच्या वळणदार सहीशेजारी त्यांचा अंगठा उमटला होता. हिरवागार, रेघ न् रेघ.