मधला फ्रान्स

"हो," रेडिओवरची बाई म्हणाली. "हो. हो. नाही. हो."

तिकडे बार्सिलोनाच्या विधानसभेत, स्पेनपासून वेगळं व्हायचं का ह्या मतदानाच्या पेटीतली एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते, आणि इकडे डोंगरात रेमेईला दवाखान्यात नेणारी टॅक्सी लिव्हिया गावाची वेस ओलांडत होती. दर ‘हो’ला गाल्देरिक स्टिअरिंगवर थाप मारी. दर ‘हो’ला मागच्या सीटवर रेमेई मांडीवरची पिशवी आणखी घट्ट धरी.

"मावशी, मोजतेयस ना? कातालोनिया देश होतोय आपला! जन्माला येतोय बघ!"

"तू रस्त्याकडे बघ, मेल्या. आधी मला पोचव, मग देश जन्माला घाल."

तो हसला. तिला हसू आलं नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त पुचसेर्दाच्या दवाखान्यात यंत्रातून धुऊन निघे. एक वार चुकला की अंगातलं पाणी छातीत चढे. मागच्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता एकच दिवस अडला होता. कोरड्या खाटेवर, बसल्या जागी, विहिरीत पडल्यासारखी ती गुदमरली होती.

रस्ता फ्रान्समध्ये शिरला. कुंपण नाही, फाटक नाही. अलीकडच्याच गायी पलीकडे चरताहेत. ताटात वाटी ठेवावी तसं लिव्हिया, गाव स्पेनचं आणि चहूबाजूंनी फ्रान्स. पलीकडे पुन्हा स्पेनमधल्याच पुचसेर्दाला जायचं तर हा मधला फ्रान्स ओलांडावाच लागे. इतकी वर्षं तो कुणाच्या ध्यानातही नसे.

"गाल्दे, युरोपवाले आपल्याला ठेवून घेतील ना रे संघात?"

"न ठेवून करतील काय? आपण काय भाडेकरू आहोत?"

"स्पेनचं बोट धरून आत होतो. बोट सोडलं की दारातला माणूस विचारणारच, तू कुणाची म्हणून."

"विचारू दे की. अर्ज करू. रांगेत उभे राहू."

"रांगेत मला किती दिवस उभं राहता येतं, ठाऊक आहे? तीन. चौथ्या दिवशी मला न्यायला तू नको, फादर हवा."

गाल्देरिकने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "अगं, फ्रेंचांनी ह्याच रस्त्यावर ‘थांबा’ची पाटी रोवली, तेव्हा कुदळ घेऊन ती उपटायला गेलेली बाई तू! आख्खं गाव अजून सांगतं. आणि आता घाबरतेस?"

"तेव्हा माझी दोन्ही मूत्रपिंडं चालत होती."

"आणि पहिल्या तारखेला, जनमताच्या दिवशी? रांगेत सगळ्यांत पुढे कोण होतं?"

"मीच होते." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "‘हो’वर खूण करताना आई आठवली. शाळेत आपली भाषा बोलली म्हणून तिने खाल्लेला मार आठवला. सगळं आठवलं बघ. हा रस्ता तेवढा आठवला नाही."

"हो," रेडिओ म्हणाला. "हो. कोरी. हो."

मग बाईचा आवाज थांबला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. सत्तर हो, दहा नाही, दोन कोऱ्या. गाल्देरिकने हॉर्नवर तळहात दाबून ठेवला. मागे, शेतांपलीकडे, लिव्हियाच्या देवळातली घंटा घणघणू लागली.

"वाजवू नको! वाजवू नको रे!" रेमेई पुढे झुकून त्याचा खांदा ओढू लागली. "पुढे बघ."

पुलाच्या तोंडाशी फ्रेंच पोलिसांची निळी गाडी उभी होती. दोन पोलीस बॉनेटला टेकून पाव खात होते.

"ते तर रोजचेच, मावशी."

"रोज आपण कोण होतो? आणि आत्ता कोण आहोत? हळू घे. आणखी हळू."

तिने पिशवीत हात घातला. औषधांच्या पट्ट्या, जपमाळ, रुमाल. सगळं मांडीवर सांडलं. शेवटी ओळखपत्र हाताला लागलं. ते तिने काचेला दाबून धरलं, बोटांची टोकं पांढरी पडेपर्यंत.

"अगं, ते तर स्पेनचं," गाल्देरिक गमतीने बोलून गेला. "दोन मिनिटं झाली, तू स्पेनची राहिली नाहीस."

रेडिओवर आता गाणं चाललं होतं. त्याने हात लांब करून तो बंद केला.

"मग काय दाखवू?" रेमेई म्हणाली. "सांग ना. काय दाखवू त्यांना?"

गाडी पोलिसांच्या समोर आली. रेमेईने कार्ड खाली टाकलं. डाव्या हाताची बाही कोपरावर सारली. यंत्राच्या सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगलेली, आतून भुंग्यासारखी थरथरणारी ती शीर तिने काचेला लावली, आणि डोळे मिटले.

दोघांतल्या तरुण पोलिसाने मान वर करून पाहिलं. म्हातारी हात हलवतेय असं वाटून, खाता खाता, त्यानेही हसून हात हलवला.